काहूट, क्विझिझ, गूगल फॉर्म्स की प्लिकर्स? इंटर्नशिपला जाणाऱ्या बी.एड.वाल्यांसाठी

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी सोळा आठवड्यांची इंटर्नशिप लागते आणि पाठाच्या टाचणात 'शैक्षणिक साहित्य' या रकान्यात तक्त्यांच्या जोडीला एखादं ऑनलाइन साधन दाखवावं, अशी अपेक्षा असते. प्रश्नमंजुषा घेण्याच्या मोफत साधनांची नावं एव्हाना सगळ्यांना पाठ आहेत: काहूट, क्विझिझ (२०२५ पासून त्याचं नाव वेग्राउंड झालं आहे), गूगल फॉर्म्स, प्लिकर्स. खातं कसं उघडायचं, प्रश्न कसे भरायचे हे इथे सांगत नाही, ते अर्ध्या तासात जमतं. ठाण्या-नवी मुंबईतल्या महापालिकेच्या किंवा अनुदानित मराठी शाळेत, चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासिकेत यातलं काय टिकतं, तेवढंच बघू.

पहिला प्रश्न उपकरण कोणाच्या हातात आहे हा. शाळेत मुलांना फोन आणू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणजे काहूट आणि क्विझिझ नेहमीच्या पद्धतीने वापरायचे तर संगणक कक्ष गाठावा लागतो. तिथे एका यंत्रावर तीन-तीन मुलं बसतात आणि नेट कार्यालयातल्या राउटरवरून येतं. स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट द्यावा म्हटलं तर बहुतेक फोन दहाच्या आसपास उपकरणं घेतात आणि पुढच्यांना दारातच थांबवतात.

माझं मत ज्या एका गोष्टीने ठरलं ती म्हणजे जोडणीत जाणारा वेळ. फळ्यावर पिन, म्हणजे खेळात शिरण्याचा क्रमांक, लिहायचा, मुलांनी तो टाकायचा, मग टोपणनाव. तिथे अर्धा वर्ग हिरो-हिरोइनची नावं टाकतो, ती काढून पुन्हा घ्यावी लागतात. एखाद्याचं पान मध्येच अडकतं, तो बाहेर पडतो, पुन्हा पिन. माझ्या अनुभवात यात सात-आठ मिनिटं सहज जातात. प्रस्तावना, विषय विवेचन आणि दृढीकरण यांतून मूल्यमापनाला उरतात जेमतेम सहा-सात मिनिटं. ती जोडणीतच संपली की प्रश्न अर्धवट राहतात आणि निरीक्षकांच्या शेऱ्यात 'मूल्यमापन अपूर्ण' असं येतं. याचा दोष साधनाला देता येणार नाही. ज्या वर्गात प्रत्येकासमोर टॅब आहे तिथे हाच प्रकार मिनिटभरात आटोपतो. पण तो वर्ग आपल्या वाट्याला क्वचितच येतो.

काहूटबद्दल आणखी एक. त्यात बरोबर उत्तराला जास्तीत जास्त १००० गुण असतात आणि वेळ जाईल तसे ते घटतात. अगदी शेवटच्या क्षणी बरोबर उत्तर देणाऱ्याला निम्मेच मिळतात. मराठीतलं दोन ओळींचं शाब्दिक उदाहरण अक्षर जुळवत वाचणाऱ्या मुलाला वीस सेकंदांत झेपत नाही. तो हरतो वाचनाच्या वेगात, आणि आपल्या नोंदीत मात्र गणितात कच्चा ठरतो. वेळ साठ किंवा नव्वद सेकंद ठेवता येतो, गुण बंदही करता येतात, आणि एका यंत्रावर एक गट अशी टीम पद्धत आहे. घटक संपल्यावरच्या उजळणीला, संगणक कक्षात, गटांमध्ये काहूट खरोखर रंगतं. मोफत खात्यात किती मुलं किंवा गट घेता येतात ही मर्यादा मात्र बदलत असते, पाठाच्या आदल्या दिवशी पाहून ठेवा. क्विझिझमध्ये प्रश्न मुलाच्याच पडद्यावर येतो आणि तो आपल्या गतीने पुढे जातो, त्यामुळे माझ्या मते ते काहूटपेक्षा मवाळ आहे. जोडणीची अडचण तिथेही तीच.

प्लिकर्समध्ये फोन फक्त शिक्षकाकडे असतो. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड, त्यावर काळी चौकटदार आकृती, चार बाजूंना बारीक ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ते अक्षर वर करून कार्ड धरायचं, आपण फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही. कार्डाचा क्रमांक हाच हजेरी क्रमांक ठेवा. जोडणी नाही, पिन नाही, आणि पन्नास मुलांची उत्तरं मिनिटभरात हातात.

कार्डांचे दोन मुख्य संच मिळतात, ४० आणि ६३ चे. ६३ चाच घ्या, मग शाळा किंवा तुकडी बदलली तरी तीच कार्डं चालतात. साध्या आकारात एका पानावर दोन कार्डं, म्हणजे ६३ साठी ३२ पानं. ठाण्यात स्टेशनाजवळ किंवा वाशीत झेरॉक्सवाल्याकडे जाड कार्डशीटवर एका बाजूने छापून घ्या. लॅमिनेशनचा मोह आवरा. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला नेमकी आकृतीच दिसत नाही. करायचंच तर मॅट करा. दोन-चार जादा प्रती काढून ठेवा, कार्डं दप्तरात जाऊन घरी पोचतात.

चुका होतात त्या ठरलेल्या. मूल कार्डाच्या मधोमध बोटं ठेवतं आणि आकृती झाकते, म्हणून कडेला धरायला शिकवा. दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही. मूल कार्ड आपल्याकडे करून अक्षर वर घेतं आणि मग कार्ड वरून खाली उलटतं. अशाने वरची बाजू खाली जाते आणि भलतंच उत्तर नोंदलं जातं. कार्ड पुस्तकाच्या पानासारखं आडवं फिरवायचं, हे पहिल्याच दिवशी करून दाखवा. काही जण कार्डाच्या मागे त्याच कडेला अक्षरं लिहून ठेवतात, ते सोयीचं आहे. पण बारीक आणि पेन्सिलने लिहा, नाहीतर मागच्या बाकावरून पुढच्याचं उत्तर वाचता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरून आलं आणि वीज गेली की मागच्या ओळी नीट टिपल्या जात नाहीत. अशा वेळी ओळीजवळ जाऊन फोन फिरवा. प्रोजेक्टर नसला तर प्रश्न फळ्यावर लिहा, काही अडत नाही. त्रेसष्टपेक्षा मोठा वर्ग असेल तर बाकाला एक कार्ड द्या.

मोफत खात्यात एका संचात पाचच प्रश्न घालता येतात, अशी तक्रार ऐकू येते. पाठातल्या मूल्यमापनाला पाचपेक्षा जास्त प्रश्न लागतात कुठे? हवेत तर दुसरा संच करता येतो. खरी मर्यादा वेगळी आहे: प्रश्न फक्त बहुपर्यायी, किंवा बरोबर-चूक. मराठीच्या पाठात रसग्रहण किंवा स्वमत तपासायचं असेल तर कार्डं उपयोगाची नाहीत. क्विझिझनेही अशीच कागदी कार्डांची पद्धत आणली आहे. तुमचे प्रश्न आधीच तिथे असतील तर ती जरूर बघा.

गूगल फॉर्म्सचं राज्य घरी. पण घरी म्हणजे रात्री, कारण फोन बाबांबरोबर तुर्भे मार्केटला, रबाळे एमआयडीसीला नाहीतर वागळे इस्टेटला गेलेला असतो. त्यामुळे मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळची न ठेवता निदान दोन रात्रींची ठेवा. सेटिंग्जमध्ये 'मेक धिस अ क्विझ' चालू करा आणि 'एका व्यक्तीला एकच प्रतिसाद' हे बंद ठेवा. ते चालू असलं तर गूगल खात्याने साइन-इन करावं लागतं, आणि एकाच फोनवरून सोडवणारी दोन भावंडं तिथेच अडतात. ईमेल गोळा करू नका, नाव-पत्ता नको, हजेरी क्रमांक पुरे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे, तेव्हा नको ती माहिती मागूच नये.

फॉर्म्समध्ये लघुत्तरी प्रश्नांना आपोआप गुण देताना सावध राहा. ते अक्षर न् अक्षर जुळवून पाहतं. 'पाणी'ऐवजी 'पाणि' लिहिलं की शून्य, उत्तरसूचीत इंग्रजी अंक आणि मुलाने १२ देवनागरीत लिहिलं तरी शून्य. एका प्रश्नाला अनेक मान्य उत्तरं देता येतात, तेव्हा दोन्ही अंक आणि नेहमीची ऱ्हस्व-दीर्घाची रूपं भरून ठेवा. शुद्धलेखनच तपासायचं असेल तेव्हाच कडक राहा. आणि चारही साधनांना लागू असं एक: शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. तिथून मजकूर चिकटवला की नुसती अगम्य चिन्हं उमटतात. प्रश्न युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा, फोनवर मराठीत बोलून टाइप केलं तर पटकन होतं.

तुमची शाळा सुसज्ज असेल तर क्विझिझ निवडण्यात काहीच गैर नाही. माझा कल वर्गात प्लिकर्स आणि घरी फॉर्म्स असा आहे, आणि त्यातही प्लिकर्सचं पारडं जड, कारण चुकीचं उत्तर तास संपायच्या आत दिसतं. मात्र त्यासाठी पर्याय विचार करून घालावे लागतात. सहावीला १/२ + १/३ विचारताना पर्याय असे ठेवा: ५/६, २/५, २/६, १/६. २/५ निवडणाऱ्या मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे. २/६ वाल्याने छेद समान केला, पण अंश तसेच ठेवले. १/६ वाल्याने बेरजेऐवजी वजाबाकी किंवा गुणाकार केला आहे. कार्डं टिपून झाली आणि फोनवर २/५ चा पट्टा लांब दिसला, तर पुढचा प्रश्न घेऊ नका. फळ्यावर समान लांबीच्या दोन पट्ट्या काढा, दोन्हींचे सहा-सहा भाग करा, एकीत तीन रंगवा, दुसरीत दोन, आणि तोच प्रश्न कार्डांवर पुन्हा विचारा.