टपाल स्कॅन करून ईमेलवर: नऊ महिने वापरल्यानंतर

नऊ महिन्यांपूर्वी आम्ही आवक टपालासाठी शीट-फेड, म्हणजे कागद एकेक करून आत ओढणारा, स्कॅनर आणि टपाल-वाटपाचं सॉफ्टवेअर घेतलं. पाकीट फोडायचं, कागद ट्रेमध्ये लावायचे; पुढे अक्षरं ओळखणं, पत्र कोणत्या विभागाचं ते ठरवणं आणि पीडीएफ त्या विभागाला ईमेलने धाडणं, हे सगळं यंत्राकडे. दिवसाला ६०-७० पाकिटं येतात.

घेताना मी मिनिटाला किती पानं, एवढंच विचारलं होतं. तो आकडा खोटा नाही, पण कामाचाही नाही. वेळ खातात त्या स्टेपल पिना आणि घड्या. दोन कागद एकदम आत गेले तर अल्ट्रासॉनिक सेन्सरला कळतं: कागदांमधल्या हवेच्या थराने ध्वनी क्षीण होतो आणि यंत्र थांबतं. सोय उत्तम, फक्त पत्रावर चिकटवलेली चिठ्ठी असली तरी ते तसंच अडून बसतं. एक पत्र संपून दुसरं सुरू झालं हे कळावं म्हणून मध्ये बारकोडचं पान घालावं लागतं. ते विसरलं की दोन अनोळखी माणसांची पत्रं एका फाइलीत.

खरी गोष्ट शंकेच्या रांगेची. पत्राच्या वर्गीकरणाची खात्री ठरावीक टक्क्यांच्या खाली गेली की ते कुठेही न पाठवता माणसासमोर ठेवायचं, अशी सोय आत होती. विक्रेत्याने ती बंद ठेवली होती. प्रात्यक्षिकात सगळं झरझर वाटलं जाताना छान दिसतं ना! पहिल्याच महिन्यात १५ दिवसांत उत्तर मागणारी नोटीस लेखा विभागाच्या ईमेलमध्ये जाऊन पडली. त्यांना वाटलं, माहितीसाठी प्रत आली असेल. कळलं तेव्हा नऊ दिवस उलटले होते. त्या दिवशी रांग सुरू केली आणि मर्यादा ९० टक्क्यांवर नेली. आता साधारण सहातलं एक पत्र थांबतं आणि आवक पाहणाऱ्या ताई ते दहा सेकंदांत मार्गी लावतात. टपालखात्यांनाही हे चुकलेलं नाही. अमेरिकेत १९९०च्या दशकात यंत्राला न वाचता आलेल्या पत्त्यांची चित्रं दूरच्या केंद्रांत जात आणि तिथली माणसं ती पाहून पत्ता टंकत. अशी ५५ केंद्रं होती. यंत्रांचं वाचन सुधारलं तशी ती घटत गेली.

आमच्या रांगेत सर्वात जास्त काय येतं? गडद झेरॉक्स. शिरोरेषेतली फट शाईने बुजली की 'भ'चा 'म' होतो आणि 'ध'चा 'घ'. 'भरणा' या विषयाचं पत्र यंत्राने 'मरणा' म्हणून वाचलं, तेव्हा सगळं कार्यालय हसलं. स्वच्छ छापील मजकूर मात्र ते जवळपास बिनचूक वाचतं. हाताने लिहिलेलं सरळ रांगेत जातं, आणि जाऊ द्यावं.

ईमेलच्या बाजूचा एक त्रास कोणीच आधी सांगितला नव्हता. २० एमबीची फाइल २५ एमबीच्या मर्यादेत बसायला हवी, पण ईमेल परत यायची. कारण बेस६४, म्हणजे ईमेलसाठी फाइल अक्षरांत बदलायची पद्धत. जोडलेली फाइल पाठवताना तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे आकार तिसऱ्या हिश्श्याने फुगतो. रंगीत सोडून ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) करड्या छटेत स्कॅन करायला लागलो, जाड दस्तऐवजांची फक्त लिंक पाठवतो. तक्रार संपली.

देखभाल किरकोळ: आठवड्याला रोलर आणि स्कॅनरची काच पुसणं. कागद ओढणारा रोलर सातव्या महिन्यात बदलला. काच पुसायला चुकलं की पानांवर उभी रेघ उमटते, आणि ती नेमकी आकड्यांवरूनच जाते.

घ्यावं का? घ्या, पण प्रात्यक्षिकाला आपली जुनी, चुरगळलेली, झेरॉक्सची पत्रं घेऊन जा आणि शंकेची रांग सुरू करून दाखवायला सांगा. आमच्याकडे ताई सही करून घेतलेलं टपाल अजूनही बारनिशीत, म्हणजे आवक-जावकीच्या वहीत, हाताने नोंदवतात. मी एकदा थांबवायला गेलो होतो. त्यांनी त्या नोटिशीची तारीख वही उघडून दाखवली.