डीएनए ओरिगामी की एम१३ विषाणू? नॅनोकामासाठी साचा निवडताना

सोन्याचे नॅनोकण ठरलेल्या जागी बसवायचे असोत किंवा नॅनोतारा वाढवायच्या असोत, आपोआप जुळणारा जैविक साचा हवा म्हटलं की या दोन वाटा समोर येतात. दोन्ही निघतात एकाच विषाणूतून. एम१३ हा ई. कोलाय जीवाणूला लागणारा विषाणू. त्याच्या आतला डीएनएचा लांब धागा दुमडून हवा तो आकार बनवला तर ओरिगामी होते, प्रथिनांचं कवच वापरलं तर तारेचा साचा मिळतो.

ओरिगामीचं खरं बळ म्हणजे पत्ता. कॅलटेकच्या पॉल रोथेमुंड यांनी २००६ मध्ये एम१३चा सुमारे ७,२०० न्यूक्लिओटाइडांचा (डीएनएच्या एकेका घटकाचा) धागा दोनशेहून अधिक आखूड धाग्यांनी दुमडून १०० नॅनोमीटरचे आकार बनवले. या आखूड धाग्यांना स्टेपल म्हणतात. मला हा प्रकार ठिपक्यांच्या रांगोळीसारखा वाटतो: ठिपके साधारण ६ नॅनोमीटरवर, प्रत्येक ठिकाणच्या डीएनए घटकांचा क्रम वेगळा, म्हणून कण कुठे चिकटेल हे तुम्ही ठरवता. मिश्रण तापवून सावकाश थंड केलं की आकार जुळतो. पण त्याला मॅग्नेशियमचा क्षार लागतो, आणि त्याच क्षारात उघडे सोन्याचे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात. नवख्यांचे आठवडे इथेच जातात. आधी कणांवर डीएनएचा दाट थर चढवा, मगच दोन्ही एकत्र करा. आकार बदलला की बरेच स्टेपल नव्याने मागवावे लागतात, तो खर्च धरून चाला. हाती येणारा माल मात्र मायक्रोग्रॅममध्ये.

एम१३चं गणित उलटं. लांबी सुमारे ८८० नॅनोमीटर, जाडी ६-७, आणि अंगभर एकाच प्रथिनाच्या साधारण २,७०० प्रती. त्या प्रथिनाच्या जनुकात बदल करून छोटं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा, घातलं की ते प्रत्येक प्रतीवर येतं आणि त्यावर धातूचं संयुग वाढवता येतं. एमआयटीत अँजेला बेल्चर यांच्या गटाने २००९ मध्ये याच मार्गाने लिथियम बॅटरीचा कॅथोड (धन टोक) बनवला. विषाणू जीवाणूंच्या फ्लास्कमध्ये वाढतो, म्हणून माल भरपूर. पण टोकं सोडली तर मधल्या अमुकच जागी एखादा कण बसवता येत नाही.

बॅटरी, उत्प्रेरक किंवा लेप असं काम असेल तर मी बिनदिक्कत एम१३ घेईन. दोन कणांमधलं अंतर हाच तुमचा प्रश्न असेल तर ओरिगामीच. मोठ्या पृष्ठभागावर नुसती जाळी पुरत असेल तर जीवाणूंची एस-लेयर प्रथिनंही बघा; ती जीवाणूच्या बाहेरच्या थरात आपोआप जाळी बनवतात. तिथे छिद्रांमधलं अंतर निसर्गानेच ठरवलेलं असतं.

स्टेपल मागवण्याआधी एक चौकशी करा: एएफएमवर (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर) वेळ कितपत मिळतो. डीएनए वेगळा करण्याच्या जेलवर पट्टी दिसते, पण आकार नीट दुमडला का, हे ओरिगामी अभ्रकावर पसरून एएफएमखाली पाहिल्यावर कळतं.