पचमढी ते मढई पायी ट्रेक: आमचे 1,05,000 रुपये असे गेले

आधी आकडा सांगते. 1,05,000 रुपये. आम्ही पाच जणी, प्रत्येकीचे 21,000. वरून गाडीचे 9,800 आणि पचमढीतल्या दोन खोल्यांचे 4,800 धरले तर 1,19,600. यात माझे स्वतःचे थोडेच. बाकी चौघींनी माझ्यावर विश्वास ठेवून माझ्या खात्यात पैसे टाकले, आणि मी ते माझ्या हाताने, माझाच पिन दाबून, हा खोटा ट्रेक विकणाऱ्या माणसाला पाठवले. दीड महिना झाला, रात्री जाग आली की पहिली ही गोष्ट आठवते.

"तुला कळलं कसं नाही?" हे मला नवऱ्याने विचारलं, जावेने विचारलं, पोलिसांनी विचारलं. म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही अंबाझरीला सकाळी फिरणाऱ्या बायका, वय 42 ते 58. नागपूरला राहून जंगल नवीन नाही. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला सगळं जिप्सीतून बघून झालेलं. ताडोबात गाडीतून पाय खाली ठेवता येत नाही हे मला कुणी सांगायला नको. पण मध्य प्रदेशातल्या पचमढीजवळच्या सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं वेगळं आहे. तिथे पायी सफारी खरोखर चालते, मढईच्या गेटजवळ देनवा नदीत नावेतून फिरवतात. ठरावीक वाटा, सोबत वनखात्याचा गाइड, पण चालता येतं. शिवाय पचमढी आम्हा विदर्भातल्या लोकांना परकी नाही. माझे सासरे नागपंचमीला नागद्वारच्या यात्रेला दरवर्षी पायी जायचे. जंगलातली ती वाट वर्षभर बंद असते, यात्रेचे थोडे दिवसच उघडते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत. त्यामुळे "पचमढी ते मढई, चार दिवस, तीन मुक्काम, पायी" अशी जाहिरात मोबाइलवर आली तेव्हा मला त्यात अशक्य काही वाटलं नाही. ज्यांना हे माहीत नाही त्यांनी मला मूर्ख म्हणावं. मला माहीत होतं म्हणूनच मी फसले.

तो माणूस मराठी बोलायचा, आपल्याकडचं. "ताई, मी बी वर्ध्याचाच हो, तुम्हाले कायले फसवू?" हे त्याने स्वतःहून, मी काही विचारायच्या आधी म्हटलं होतं. पचमढीच्या पठारावर साल आणि खाली उतरलं की साग, दोन्ही जंगलं तिथे कशी भेटतात ते त्याने मला फोनवर अर्धा तास सांगितलं. शेकरू कुठल्या झाडावर दिसेल, रानगव्यांचा कळप समोर आला तर काय करायचं, बूट घोट्याच्या वरपर्यंत का हवे. बायकांचा ग्रुप आहे म्हणून सोबत बाई गाइड देतो म्हणाला. एवढं जंगल ठाऊक असलेला माणूस खोटा असेल असं माझ्या मनाला शिवलं नाही. आता कळतं, यांना जंगल माहीत असतंच. ते शिकूनच हा धंदा करतात.

पैसे असे गेले. 2 नोव्हेंबरला जागा राखायचे माणशी 5,000 म्हणजे 25,000. 14 नोव्हेंबरला "वनखात्याची परमिट फी" माणशी 4,200, म्हणजे 21,000. 30 नोव्हेंबरला उरलेले 9,300 प्रमाणे 46,500. आणि 10 डिसेंबरला, निघायला तीन दिवस राहिले असताना, "परत मिळणारं डिपॉझिट" माणशी 2,500, म्हणजे 12,500. परत मिळणारं! दरवेळी वेगळा क्यूआर कोड, दरवेळी खाली वेगळंच नाव. तिसऱ्या वेळी मी विचारलं, हे कुणाचं नाव? "आमच्या अकाउंटंटच्या मिसेसचं हो ताई, जीएसटीचं जरा लफडं आहे." यावर मी गप्प बसले, कारण हे असं उत्तर मी आमच्या ऑफिसात दहा जणांकडून ऐकलेलं आहे. परमिटची फी खरी असेल तर ती खात्याकडेच जाते, आणि त्याची पावती खात्याच्याच नावाने निघते. कुणाच्या मिसेसकडे ती जात नाही. एवढंच लक्षात ठेवा.

आणि आता ती रात्र, जी मी विसरू शकत नाही.

16 नोव्हेंबरला त्याने परमिटची पीडीएफ पाठवली. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती, मुलगी समोर टेबलाशी अभ्यास करत होती. मी मोबाइल तिच्यापुढे धरला, बघ गं, आलं परमिट. वर वाघाचं चित्र, गोल निळा शिक्का, आमची पाच नावं, पाचही बरोबर लिहिलेली. तिने दोन बोटांनी ते मोठं केलं आणि म्हणाली, "आई, इथे जिल्हा होशंगाबाद लिहिलंय. ते आता नर्मदापुरम झालं ना?"

झालंच होतं. 2022 मध्ये होशंगाबादचं नाव नर्मदापुरम झालं, मला माहीत होतं. आणि मी तिला काय म्हणाले? "अगं, सरकारी ऑफिस आहे, जुने पॅड संपवत असतील." मी एका ज्युनियर कॉलेजच्या लेखा विभागात 22 वर्षं काम करते. रोज लोकांच्या बिलांवरचे शिक्के, तारखा, सह्या मी तपासते. पण आमच्याच संस्थेचं नाव बदललं तेव्हा आम्ही दोन वर्षं जुने छापील पॅड वापरले होते, वरचं नाव पेनाने खोडून. ते डोक्यात होतं. म्हणून ते वाक्य इतक्या सहज तोंडातून आलं. मुलीने खांदे उडवले आणि परत पुस्तकात बघायला लागली.

तिने आणखी एक बोट ठेवलं होतं. "यात तुमच्या आधारचा नंबर कुठेच नाही." मध्य प्रदेशच्या जंगलाचं साधं सफारीचं बुकिंग केलं तरी प्रत्येकाच्या ओळखपत्राचा नंबर भरावा लागतो आणि गेटवर तेच कार्ड दाखवावं लागतं. मी स्वतः पेंचच्या तुरिया गेटवर दाखवलेलं आहे. या माणसाने आमच्याकडे एकदाही आधार मागितलं नाही, आणि मला उलट बरं वाटलं, की चला, आजकाल कुणालाही आधारची कॉपी द्यायची भीती वाटते, हा मागत नाही तर चांगलाच असेल. ज्या दिवशी ती पीडीएफ आली त्या दिवशी फक्त 46,000 गेले होते. फक्त! तिथे थांबले असते तर 59,000 वाचले असते. सोळा वर्षांच्या पोरीला दिसलं आणि मला दिसूनही मी ते झाकलं.

तोपर्यंत आमची तयारी जोरात होती. पाठीवरच्या बॅगेत पाच-पाच किलो तांदूळ भरून आम्ही रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चार रविवार चढलो. सगळ्यांत मोठी वहिनी, 58 वर्षांच्या, त्यांनी भिशीचे पैसे यात घातले होते. घरच्यांना सांगितलेलं की पोरींकडे जाते.

13 डिसेंबरला सावनेर, सौंसर, सिलेवानी घाट, छिंदवाडा, तामिया, मटकुली असं करत संध्याकाळी पचमढीला पोचलो. रात्री 9 वाजता त्याचा शेवटचा मेसेज, "सकाळी 6 ला चौकात गाडी, जय महादेव ताई." सहा वाजले, सात वाजले. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. फोन बंद. वहिनी बॅग पाठीवरून उतरवायलाच तयार नव्हत्या, म्हणत होत्या, येईल गं, गाडी पंक्चर झाली असेल. साडेआठला आम्ही बायसन लॉजला गेलो, जिथे वनखात्याचे पास मिळतात. तिथल्या माणसाने कागद हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला आणि फार हळू म्हणाला, "दीदी, ये हमारा कागज़ नहीं है. बिना आईडी के हम किसी का नाम ही नहीं चढ़ाते." त्या भल्या माणसाने आम्हाला बसवलं, चहा मागवला. आणि हेही सांगितलं की हा कागद घेऊन कुणी आतल्या वाटेला लागलं असतं तर गुन्हा आमच्यावरच दाखल झाला असता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात विनापरवाना आत शिरणं हा गुन्हा आहे, आणि "आम्हाला विकलं" हे तिथे चालत नाही.

तिथूनच मी 1930 वर, ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला. तक्रार नोंदली गेली, नंबर मिळाला. पण शेवटचे पैसे जाऊन चार दिवस झाले होते. हा फोन पैसे गेल्याच्या पहिल्या तासा-दोन तासांत करायचा असतो, कारण तेवढ्यातच पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते. आमचे 3,140 रुपये अडकवता आले. ते सोडवायलाही कोर्टातून आदेश आणा म्हणून सांगितलं गेलं.

आता पोलिसांचं ऐका. तिथल्या ठाण्यात म्हणाले, पैसे नागपूरहून गेले, नागपूरला तक्रार करा. नागपूरला आलो, आमच्या भागातल्या ठाण्यात गेलो, तर म्हणे जंगल एमपीचं, परमिट एमपीचं, तो माणूस भेटणार होता एमपीत, तिकडे जा. मी वाचून गेले होते. 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र असेल तर ठाण्याने नोंदवून घ्यायचा असतो. मी हे शांतपणे म्हटलं. समोरचे साहेब म्हणाले, "मॅडम, आम्हाले कायदा शिकवू नका." आणि बाजूच्याला, मला ऐकू जाईल अशा आवाजात, "बायाबायांनी जंगलात जायचं कामच काय होतं?"

तीन तास आम्ही बाकावर बसलो. 58 वर्षांची बाई बाकावर. माझ्याकडे चारही व्यवहारांचे यूटीआर नंबर, म्हणजे बँकेचे व्यवहार क्रमांक, होते, बँकेचं स्टेटमेंट होतं, ती पीडीएफ होती. साहेबांनी चॅट मागितलं. चॅट नव्हतं. त्या हरामखोराने पहिल्याच आठवड्यात सात दिवसांनी मेसेज आपोआप पुसायची सेटिंग लावून ठेवली होती, "ताई, ग्रुपमुळे मोबाइल भरतो हो." नोव्हेंबरचं सगळं बोलणं गेलं. "मग पुरावा काय?" म्हणे. पैसे कुणाच्या खात्यात गेले हा पुरावा नाही का? ते खातं कुणाचं आहे हे मी शोधायचं की तुम्ही? शेवटी साधा अर्ज घेतला. एफआयआर नाही, अर्ज. त्याची पोच द्यायलाही कुरकुर, मी उठलेच नाही म्हणून शिक्का मारून दिला. नंतर चार वेळा गेले. एकदा साहेब बंदोबस्तात, एकदा सुट्टीवर, एकदा "अर्ज सायबरकडे पाठवला", आणि चौथ्यांदा अर्ज त्याच टेबलावर, त्याच फायलीत, मला दिसला.

बँकेतही तेच. पिन तुम्ही टाकला, व्यवहार तुमचा, आम्ही काही करू शकत नाही. ग्राहकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे ना, असं विचारलं तर म्हणे तो ग्राहकाने न केलेल्या व्यवहारांसाठी. हे कायद्याने बरोबर असेलही. पण ज्यांनी ती खाती उघडली, त्यांची कागदपत्रं कुणी तपासली? माझ्या आईचं पेन्शन खातं केवायसीसाठी दोन महिने बंद ठेवतात आणि याला चार खाती मिळतात, हे मला कुणी समजावून सांगेल का?

ज्यांना जायचंच आहे त्यांनी आधी वनखात्याच्या कार्यालयात फोन करून वाटेचं नाव घेऊन विचारा, ती वाट लोकांसाठी उघडी आहे का. उघडी असली तरी 1 जुलै ते 30 सप्टेंबर आतल्या जंगलातली (कोअर) सफारी बंद असते, त्या दिवसांचं कुणी विकत असेल तर तिथेच फोन ठेवा. आधार न मागणारा जंगलवाला खोटा. चॅटमध्ये मेसेज पुसायची सेटिंग दिसली की त्याच मिनिटाला स्क्रीनशॉट काढा. आणि मैत्रिणींचे पैसे आपल्या खात्यात घेऊ नका हो. प्रत्येकीने आपापले, आपल्या हाताने भरावे. मी वहिनींचे 21,000 माझ्या एफडीतून दिले. त्यांनी घेतले, पण त्या दिवसापासून सकाळी अंबाझरीला आल्या नाहीत.

मागच्या आठवड्यात मुलीने परत मोबाइल माझ्यासमोर धरला. तोच दरीचा फोटो, तेच झाड उजव्या कोपऱ्यात, नाव नवीन, तारीख फेब्रुवारीची, खाली "फक्त 4 जागा शिल्लक". मी लगेच स्क्रीनशॉट काढला, प्रिंट घेतली आणि ठाण्यात गेले. त्यांनी ती बघितली आणि सांगितलं, दोन झेरॉक्स जोडा आणि नवीन अर्ज लिहून आणा.