बान सेओ खावा तो तव्यावरून थेट पानात

मुंबईत व्हिएतनामी जेवण म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फो या शेवयांच्या सूपचा वाफाळता वाडगा किंवा बान मी सँडविच येते. 2022 मध्ये मुंबईहून व्हिएतनामला थेट विमाने सुरू झाली, तिकडे फिरून येणारी मराठी कुटुंबे वाढली आणि त्यांच्या बोलण्यातून बान सेओ हे तिसरे नावही कानावर पडू लागले. वांद्र्याला पाली नाक्यापासून थोड्या आतल्या गल्लीत असलेले एक लहानसे, साधे व्हिएतनामी रेस्टॉरंट मुख्यतः याच पदार्थासाठी ओळखले जाते. तिथे अनेकदा जेवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की बान सेओ बनवण्यात हे स्वयंपाकघर उत्तम आहे, मात्र त्याच्या सोबतीला जे वाढायचे असते, त्यात ते अजून हात आखडता घेते.

बान सेओ म्हणजे तांदळाच्या पिठाचे पातळ, कुरकुरीत धिरडे. त्याचा पिवळाधमक रंग पाहून त्यात अंडे असावे असे अनेकांना वाटते, पण तो रंग हळदीचा असतो. दक्षिण व्हिएतनाममध्ये, म्हणजे हो ची मिन्ह सिटी आणि मेकाँगच्या खोऱ्यात, पिठात नारळाचे दूध घालून ते मोठे आणि पातळ करतात. मध्य व्हिएतनाममध्ये ते आकाराने लहान असते आणि ह्युए शहरात त्याच जातीचा बान खोआई हा पदार्थ मिळतो. इथे दक्षिणेकडची पद्धत पाळली जाते. पीठ आंबवायचे नाही, एवढ्यापुरते त्याचे आपल्या घावनाशी नाते आहे. पण घावन मऊ आणि जाळीदार व्हावे लागते, तर याची कड बोट लावताच मोडली पाहिजे.

स्वयंपाकघर अर्धे उघडे असल्यामुळे तव्यापाशी काय चालले आहे ते बसल्या जागेवरून दिसते. खोलगट तवा चांगला तापला की आधी कांदा आणि कोळंबी परतली जाते, त्यावर डावभर पीठ ओतून तवा उचलून गोल फिरवला जातो आणि पीठ कडेपर्यंत चढते. मग एका बाजूला मुगाचे लांब पांढरे मोड आणि वाफवलेली मूगडाळ पसरून थोडा वेळ झाकण ठेवतात. खरे कौशल्य झाकण काढल्यानंतरचे आहे. मोडांना सुटलेले पाणी उडून जाईपर्यंत आणि कडेने सोडलेल्या तेलात खालची बाजू खरपूस होईपर्यंत आचाऱ्याने थांबावे लागते, आणि नेमक्या याच टप्प्यावर घाई केली की मधला भाग ओलसर राहतो. इथला आचारी थांबतो. एका शनिवारी रात्री गर्दीत आमच्या पानात आलेली घडी मध्ये नरम होती, हे खरे. पण सांगताच त्यांनी ती उचलून नेली आणि काही मिनिटांत दुसरी आणून दिली, तीही चेहऱ्यावर आठी न आणता.

मूळ पद्धतीत कोळंबीच्या जोडीला डुकराच्या मांसाचे पातळ काप असतात. इथे नुसती कोळंबी, कोळंबी आणि चिकन, किंवा कोळंबी आणि पोर्क असे पर्याय आहेत, आणि त्यातला शेवटचा सर्वांत चविष्ट आहे, कारण मांसाची चरबी तव्यावर सुटून पिठाला जी खमंग चव देते ती चिकनमधून येत नाही.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. बान सेओ काट्या-चमच्याने खायचा नसतो. लेट्युसचे मोठे पान हातावर घ्यायचे, त्यावर धिरड्याचा तुकडा, पुदिना, कोथिंबीर आणि तुळशीच्या जातीचा पाला ठेवायचा, गुंडाळी करायची आणि ती नुओक चाम या पातळ चटणीत बुडवून खायची. तळणाचा तेलकटपणा या पाल्यानेच तोडला जातो. म्हणून पाला ही शोभा नसून निम्मा पदार्थ आहे. इथे मात्र पहिल्यांदा लेट्युसची चारच पाने आणि पुदिन्याच्या दोन काड्या येतात. मागितल्यावर आणखी मिळतात, पण मागावे लागते, आणि नव्या ग्राहकाला ते ठाऊक नसते. आमच्या आत्या सुरीने तुकडे करू लागल्या तेव्हा वाढणारा मुलगा आपणहून पुढे आला आणि म्हणाला, "मावशी, पान असं तळहातावर घ्या, आणि मोडायचं ते हातानंच." त्यानंतर आत्यांनी जे खाल्ले ते निराळेच जेवण होते. ही दोन वाक्ये त्यांनी प्रत्येक टेबलावर सांगायला हवीत.

नुओक चाम फिश सॉस, लिंबू, साखर, पाणी, लसूण आणि मिरची यांचे बनते. फिश सॉस हा मांदेलीच्याच कुळातले लहान मासे मिठात वर्षभर मुरवून काढलेला अर्क. व्हिएतनामच्या फू क्वोक बेटावरच्या फिश सॉसला तर युरोपियन युनियनने 2012 मध्ये भौगोलिक मानांकन दिले आहे. सुकट आणि बोंबिलांवर वाढलेल्या माणसाला त्याचा वास मुळीच परका वाटणार नाही. इथले नुओक चाम लिंबाने छान झणकते, पण साखर चमचाभर कमी चालली असती.

शाकाहारी मंडळींसाठी मशरूम आणि टोफू घातलेला बान सेओ आहे, आणि ती केवळ मुंबईकरांसाठी काढलेली सोय नव्हे. व्हिएतनाममध्ये बौद्ध परंपरेमुळे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक घरांत शाकाहार पाळला जातो आणि तिथे या पदार्थाचा शाकाहारी प्रकार सर्रास होतो. मात्र सोबतची चटणी सोया सॉसची आहे ना, हे मागवतानाच विचारून घ्यावे.

बाकीच्या पदार्थांत राइस पेपरचे रोल ताजे आणि नेटके असतात. चिकन फोच्या रश्शात दालचिनी आणि चक्रीफुलाचा दरवळ आहे, पण अंग कमी आहे. केवळ फोसाठी इथे येण्याचे कारण नाही. कॉफी जरूर घ्यावी. पत्र्याच्या छोट्या फिल्टरमधून कंडेन्स्ड मिल्कवर थेंबथेंब उतरणारी ही कडक रोबस्टा कॉफी बर्फावर ओतली की जेवणानंतर वेगळ्या गोड पदार्थाची गरज उरत नाही.

जागा अरुंद आहे, टेबले एकमेकांना खेटून आहेत आणि तव्याचा धूर कपड्यांना लागतो. दोघांचे पोटभर जेवण कॉफीसह 1,800 रुपयांच्या आसपास होते. एका मोठ्या बान सेओत दोघांचे भागते, तेव्हा आधी एकच मागवावा आणि तो संपत आल्यावर दुसरा सांगावा, म्हणजे दोन्ही गरम मिळतात. घरपोच मात्र मागवू नये. डब्यात कोंडलेली वाफ वांद्र्याहून दादरला पोचेपर्यंत सगळा कुरकुरीतपणा घालवते आणि हाती लागतो तो तेलकट, लिबलिबीत तुकडा. रेस्टॉरंटने हा पदार्थ घरपोच यादीतून काढून टाकावा, असे मी त्यांना सांगितले आहे. शनिवार-रविवारी आठनंतर बाहेर ताटकळावे लागते. मधल्या वारी साडेसातच्या आत गेल्यास स्वयंपाकघरासमोरचे टेबल बहुधा रिकामे असते, आणि तेच मागून घ्यावे.