काकड्या मिठाच्या पाण्यात घालाव्या की व्हिनेगर ओतून फ्रिजमध्ये ठेवाव्या

परवा सेलूहून दाजींचा फोन आला. परसातल्या वेलाला काकड्या लैच लागायल्यात, कोशिंबीर करून झाली, थालीपिठात किसून झाल्या, गल्लीत वाटून झाल्या, आता अक्का म्हणायलीय की माझ्या भावाला विचारा, तो बरणीत घालून ठेवतो ते कसं. दाजींचा प्रश्न सरळ होता, "मिठाच्या पाण्यात घालू का व्हिनेगरमधी? एकच सांगा." मी एकच सांगितलं खरं, पण का ते सांगायचं राहून गेलं. दोन्ही प्रकारात दम आहे आणि प्रत्येकाच्या घरची गोष्ट वेगळी असते, म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

मी तीन वर्षं दोन्ही केलंय, इथं परभणीतच, परसातल्या पाच-सहा वेलांच्या काकड्यांवर. लोणचं म्हटलं की आपल्याला तेल-मोहरीचंच आठवतं, हे तसलं नाही, हे बिनतेलाचं, करकरीत आणि आंबट. एकात आंबटपणा बरणीत आपोआप तयार होतो, दुसऱ्यात आपण तो बाटलीतून ओततो.

आधी चवीचं बोलतो, कारण तिथं मिठाच्या पाण्याचं पारडं जड आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम खडे मीठ, त्यात अख्ख्या काकड्या, लसूण, हिरवी मिरची, शेपूच्या काड्या, वरून वजन म्हणून छोटी वाटी पालथी. तिसऱ्या दिवशी पाणी ताकाच्या निवळीसारखं गढूळ होतं, बरणीच्या कडेनं बारीक बुडबुडे वर चढताना दिसतात आणि झाकण उघडलं की मुरलेल्या खाराचा वास येतो. हा आंबटपणा ताकातल्या आंबटपणाच्याच जातीचा आहे, तिथंही जिवाणू तेच काम करतात. त्यामुळे जिभेला टोचत नाही, मागून हळूच येतो. आमची आई ज्वारीच्या भाकरीबरोबर फक्त हीच काकडी मागते, व्हिनेगरची तिला औषधासारखी लागते. तिचं चुकतंय असं मला वाटत नाही, पांढऱ्या व्हिनेगरचा वार एकदम नाकात जातो आणि मसाला नीट नसेल तर तेवढाच लक्षात राहतो.

पण चव जमून यायला हवा साथ द्यायला लागते. ह्या आंबवण्याला साधारण २१ ते २४ डिग्री मानवते, तीन-चार आठवडे सावकाश मुरते, २७ च्या वर गेलं की काकडी मऊ पडायला लागते. आता परभणीत २१ डिग्री कधी असतं ते तुम्हीच सांगा. मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, पावसाळ्यातही स्वयंपाकघरात ३० च्या खाली कमीच येतो. जे तसल्या थंड हवेत तीन आठवड्यात होतं ते आमच्या ओट्यावर तीन-चार दिवसात होऊन जातं आणि पाचव्या दिवशी काकडी बोटानं दाबली की आत जाते. त्याच्यावर उपाय आहेत. काकडीचं फुलाकडचं टोक दोनेक मिलिमीटर कापून टाकायचं, कारण तिथं काकडीला मऊ पाडणारी एन्झाइम असतात, हे दोन्ही प्रकारात करायचं आणि ह्यानं खरंच फरक पडतो. बरणीत द्राक्षाची दोन पानं घालतात, करकरीतपणा टिकतो म्हणून, तुळजापूरकडच्या मित्राच्या बागेतून मी आणून घातली, थोडा फायदा वाटला पण छातीठोक सांगणार नाही. माठाशेजारी ओल्या फडक्यात बरणी गुंडाळून ठेवली, तेही केलं. एवढं सगळं करून गोष्ट जमत होती, म्हणजे नुसत्या गरमीमुळं मी हा प्रकार सोडला नाही.

सोडला तो वेगळ्याच कारणानं. ते कुठं लिहिलेलं मला आधी सापडलं नव्हतं, करून बघितल्यावरच कळलं.

घरचा वेल एकदम देत नाही. पाच-सहा वेल असले तरी आज दोन, उद्या तीन, परवा एक पण नाही, मग पाऊस झाला की एका दिवसात सात, त्यातल्या दोन पानाखाली लपून जाड झालेल्या. आणि मिठाच्या पाण्याच्या बरणीला पाहिजे असतं सगळं एकाच वेळी, एकाच मापाचं. कर्नाटकात घर्किन म्हणून त्या बोटाएवढ्या काकड्यांची मोठी शेती चालते, मिठाच्या पाण्यात पिंपं भरून परदेशात जातात, तिथं हे जमतं कारण वावरंच्या वावरं तोडून माल येतो आणि मापावर निवडला जातो. माझ्याकडं पहिल्या दिवशी चार काकड्या असायच्या. मग मी काय करायचो, बरणी लावून टाकायचो आणि रोज त्यात नवीन घालत जायचो. आठवड्यानं बरणी उघडली की तळातल्या चार पार लिबलिबीत, मधल्या बऱ्या, वरच्या नुसत्या खारट कच्च्या. शिवाय काकडीत ९५ टक्के पाणीच, प्रत्येक नवी काकडी आपलं पाणी सोडती आणि मिठाचं प्रमाण खाली येतं, मग अंदाजानं वरून मीठ घाला, मग ते जास्त होतं. आणि रोज झाकण उघडायचं म्हणजे रोज हवा आत, की दोन दिवसात वर पांढरी पातळ साय. ती बुरशी नसते, यीस्टचा थर असतो, काढून टाकला तर चालतो, पण एकदा आला की परत परत येतो आणि वासाला एक जुनाट झाक लागते. केसाळ, हिरवी-काळी दिसली तर मात्र ती बुरशीच, अख्खी बरणी फेकायची, वरवर काढून खायची नाही.

माझी अशी एक बरणी गेली. दोन किलोची चिनीमातीची, पंचवीसेक काकड्या, तीन आठवड्याची जमवाजमव. त्यातली एखादी शिळी किंवा दबलेली काकडी सडली असावी, तिनं बाकीच्या घेतल्या. ज्या भागात २०१६ ला लातूरसाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं आपण एप्रिल-मेमध्ये भांडी विसळलेलं पाणी घालघालून वेल जगवतो, त्याची पंचवीस काकडी खड्ड्यात ओतताना मला फार वाईट वाटलं. बायको काही बोलली नाही, तिनं फक्त कॉफीच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या धुऊन उन्हात ठेवल्या आणि म्हणाली, "ह्यात थोडं थोडं करून बघा."

व्हिनेगरचं मला तिथं पटलं. आज तीन काकड्या निघाल्या ना, तीन काकड्यांची बाटली. उद्या दोन निघाल्या तर उद्याची वेगळी. प्रत्येक बाटलीवर तारीख चिकटवायची, दोन दिवसानी खायला सुरू करायचं, पहिल्या बाटलीचा दुसरीला त्रास नाही. काकडी कडू निघाली तरी तेच. उन्हाचा आणि पाण्याचा ताण पडला की काकडी कडवट होते, जास्त करून देठाकडं आणि सालीत, आणि टोक घासून फेस काढला तरी सगळा कडूपणा जातोच असं नाही, लोणच्यात तर अजिबात जात नाही. म्हणून प्रत्येक काकडीचं देठाकडचं टोक चाखूनच घालायचं. तरी एखादी निसटली तर एक बाटली बिघडते, पंचवीस काकड्या नाही.

इथं एक गोष्ट मात्र लक्ष देऊन वाचा. इंटरनेटवरच्या बहुतेक रेसिप्या बाहेरच्या असतात, त्यात व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं लिहिलेलं असतं, ते ५ टक्के आंबटपणाच्या व्हिनेगरसाठी. आपल्या दुकानात जे पांढरं सिंथेटिक व्हिनेगर मिळतं ते बऱ्याचदा ४ टक्क्याचं असतं, बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते बघून घ्या. ४ टक्क्याचं असेल तर पावणेदोन वाटी व्हिनेगरला एकच वाटी पाणी, त्याच्यापेक्षा पातळ करू नका. त्यात चहाचे दोन चमचे मीठ, दोन चमचे साखर. साखर गोडासाठी नाही, व्हिनेगरचा वार बोथट होण्यासाठी. आईची तक्रार निम्मी साखरेनंच गेली. एक उकळी आणायची, स्टीलच्या पातेल्यात, अॅल्युमिनियम किंवा तांब्या-पितळेत नाही, आणि कोमट झाल्यावर बाटलीत ओतायचं. उकळतं ओतलं तर काकडी अर्धी शिजल्यासारखी होते असा माझा अनुभव आहे.

मसाल्यात शेपू पाहिजेच. परदेशात काकडीच्या लोणच्यात ज्या डिलचं एवढं कौतुक असतं ती शेपूच की, आपल्या शनिवारच्या बाजारात ढिगानं पडलेली असते. शेपू नसेल तेव्हा बाळंतशोपा अर्धा चमचा, तेच बी आहे. त्याबरोबर मोहरी, चार मिरे, ठेचलेला लसूण. लसूण कधी कधी व्हिनेगरमध्ये निळा-हिरवा पडतो, पहिल्यांदा बघून मी बाटली फेकणारच होतो, पण ते लसणातल्या गंधकाच्या घटकांमुळं होतं, खायला काही अपाय नाही. पाणी मात्र बोअरचं वापरू नका, आमच्याकडचं पाणी इतकं जड की पातेल्याला पांढरा थर बसतो, फिल्टरचं किंवा जारचं घ्या. मिठाच्या पाण्याच्या प्रकारात तर जड पाण्यानं आंबटपणाच नीट धरत नाही.

आता व्हिनेगरच्या बाजूचं न आवडणारं पण सांगतो. हे लोणचं फ्रिजचंच आहे, महिना-दोन महिने चांगलं राहतं ते फ्रिजमध्ये, तेलाच्या लोणच्यासारखं माळ्यावर टाकायचं नाही. सीझनमध्ये आमच्या फ्रिजचं दार निम्मं ह्याच बाटल्यांनी भरतं आणि दुधाच्या पातेल्याला जागा राहत नाही, त्याच्यावरून घरात बोलणं होतं. लाईटचं म्हणाल तर मला आधी त्याचीच धास्ती होती, पण मागच्या वर्षी वादळात आमच्याकडं एक अख्खी रात्र आणि दुसरा दिवस दुपारपर्यंत लाईट नव्हती, दार उघडलं नाही, बाटल्यांना काही झालं नाही. आठ-आठ दिवस डीपी जळून बसणाऱ्या गावात असाल तर मी ह्याची शिफारस जरा जपूनच करेन. आणि चवीची खोली, ती मिठाच्या पाण्यातल्या काकडीला आहे तेवढी ह्याला येत नाही, कितीही मसाला घाला.

म्हणून मी मिठाच्या पाण्याचं पूर्ण बंद केलेलं नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या आसपास उतरतो, तेव्हा बाजारातून एकाच मापाच्या दोन किलो कोवळ्या काकड्या एकदम आणून आईसाठी एक बरणी लावतो आणि ती सुरेख होते. ज्यांच्याकडं दहा-पंधरा गुंठे काकडी आहे, एका तोडणीत टोपली भरते, ज्यांच्या घरात एखादी थंड खोली आहे, त्यांनी आधी तेच करून बघावं, मला त्यांचा हेवाच वाटेल.

पण दाजींकडं चार वेल आहेत, पत्र्याचं घर आहे आणि फ्रिज नवा आहे. त्यांनी उद्या सकाळी ऊन तापायच्या आत तोडाव्यात, बोटभर लांबीच्या, बिया धरायच्या आधीच्या, तोडल्या दिवशीच बाटलीत घालाव्यात, दोन दिवस फ्रिजमध्ये पडून राहिलेली काकडी करकरीत होत नाही. चकत्या पातळ करू नका, उभ्या चार फोडी करा. तिसऱ्या दिवशी धपाट्याबरोबर खाऊन बघा आणि मग मला फोन करा.

आणि अक्काला सांगा, शेतातली वाळकं ह्यात घालायची नाहीत. मी दोनदा घातली, दोन्ही वेळा बाटलीत लगदा झाला.