जीआर ८६ ला २४५ चे टायर, आठ महिने वापरल्यावर

टोयोटा जीआर ८६ ला रुंद टायर टाकायचा विचार करताय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण पहिल्या वेळी मी चुकलो आणि चांगले पैसे गेले. गाडी २०२२ ची प्रीमियम, इथे फ्रीमाँटला घेतली. मूळ रिम १८ बाय ७.५ (व्यास आणि रुंदी, इंचात), ऑफसेट +४८ (रिमच्या मधल्या रेषेपासून नट आवळायचा भाग किती मिमी बाहेर आहे ते; आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकतं), टायर २१५/४० आर १८ (रुंदी २१५ मिमी, बाजूची उंची त्याच्या ४० टक्के, रिम १८ इंची).

पहिला सेट सेकंडहँड घेतला, १७ बाय ९, ऑफसेट +३५, त्यावर २४५/४० आर १७. दुकानदार म्हणाला आरामात बसेल, आणि बसला पण, उभ्या गाडीला. बाबा सांगलीहून आले होते, त्यांना शेजारी बसवून निघालो, घरासमोरचा उतार उतरून वळताना पुढून खर्रर्र आवाज, बाबा म्हणाले अरे थांब, काहीतरी अडकलंय बघ. चाक काढलं तर चाकाच्या खोबणीतल्या प्लास्टिकच्या लायनरवर (अस्तरावर) बोटभर पट्टा घासून चकचकीत झालेला, आणि बंपर आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) जुळतात तिथली कड टायरच्या खांद्याला लागत होती.

मग वही घेऊन बसलो. रिम दीड इंच रुंद झाली म्हणजे ३८ मिमी, त्यातले १९ बाहेर, १९ आत. ऑफसेट ४८ चा ३५ झाला म्हणजे सगळंच अजून १३ मिमी बाहेर सरकलं. म्हणजे रिमची कड बाहेर ३२ मिमी, आत फक्त ६! आत शॉक अॅब्सॉर्बरच्या बाजूला जागा असताना सगळा भार फेंडरवर. तीच रिम +४२ ची घेतली तर बाहेर २५, आत १३.

आत तेवढी जागा आहे का हे बघायला मुलीची क्ले घेतली, गोळा शॉकला टायरच्या समोर चिकटवला, तेच +३५ चं चाक बसवून नट आवळले, परत काढलं आणि दबलेली क्ले मोजली. १४ मिमी. म्हणजे +४२ ला ७ उरणार, आणि नवीन रिम आल्यावर खरंच ७ च उरले, मला फार बरं वाटलं.

व्यासाचं पण बघा. २४५/४० आर १७ चा व्यास साधारण ६२८ मिमी, मूळ टायरचा ६२९, त्यामुळे स्पीडोमीटर बरोबर राहतो. बरेच जण १८ च्या रिमवर २३५/४० टाकतात, तो ६४५ होतो, १६ मिमी मोठा, मग लायनरला लागू शकतो. आणि २४५ लिहिलंय म्हणून २४५ च भरेल असं नाही, ती रुंदी ८.५ इंच रिमवरची असते, ९ वर आणखी ५ एक मिमी फुगतो. ट्रॅकवाले टायर चौकोनी खांद्याचे असतात, ते त्याच साइजमध्ये पण आधी घासतात.

पुढे कॅम्बर बोल्ट (चाकाचा उभा कल बदलणारे) टाकून दीड डिग्री निगेटिव्ह केलं, चाकाचा वरचा भाग आत आला, फेंडरपासून सुटला, पण शॉककडची जागा ७ वरून ५ वर आली, बोल्ट टाकल्यावर क्लेने परत मोजा हे कळकळीने सांगतो.

आता ९,००० मैल झालेत. वळणावर पुढचं टोक घट्ट धरतं, पूर्वी सरळ पळायचं तिथे आता वळतं. साचलेल्या पाण्यात मात्र जुन्या टायरपेक्षा लवकर तरंगायला लागते, पावसात वेग कमी ठेवतो. पुढच्या टायरची आतली कड थोडी जास्त झिजतेय. दोघं बसून, डिकीत सामान भरून टाहो तलावाला जाऊन आलो, एकदाही घासलं नाही. फक्त स्टिअरिंग पूर्ण वळवून (फुल लॉक) रिव्हर्स घेताना डावीकडे लायनरची एक क्लिप हलकी लागते, ती चपट्या डोक्याची आणलीय, या शनिवारी बसवतो.