महिदपूरच्या नावाखाली थर्माकोल: मिनिएचर आणि टेरेन मागवताना इंदूरमध्ये झालेली फसवणूक

इंदूरच्या वॉरगेमरला, म्हणजे छोटे सैनिक (मिनिएचर) आणि बनवलेलं मैदान (टेरेन) मांडून लढाईचा खेळ खेळणाऱ्याला, टेबलावर कधी ना कधी महिदपूर मांडायचंच असतं. लढाई २१ डिसेंबर १८१७ ची. शिप्रेच्या काठी होळकरांच्या तोफा आणि समोर नदी उतरून येणारी इंग्रज सेनानी हिस्लॉप-माल्कमची फौज. त्यानंतर मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. विषय घरचा आणि मैदान उज्जैनच्या पलीकडेच, पण या लढाईचे तयार सैनिक सहज कुठे मिळत नाहीत. फसवणाऱ्याला हीच फट सापडते. ‘होळकरांची फौज, २८ मिमी, व्हाइट मेटल, हाताने रंगवलेली, सोबत शिप्रेचं सहा बोर्डांचं मैदान’ अशी जाहिरात दिसली की माणूस भाव करायचंही विसरतो.

इथल्या एका ग्राहकाने हीच ऑर्डर अर्धी रक्कम आगाऊ देऊन दिली आणि उरलेली माल निघण्यापूर्वी चुकती केली. आलेल्या खोक्यात वरवर पाहता सगळं होतं. सैनिक होते, घोडे होते, तोफा होत्या, हिरवंगार मैदानही होतं. विक्रेत्याचं नाव इथे देत नाही, कारण हीच पद्धत वापरणारे एकापेक्षा जास्त आहेत.

पहिली गोम मापात. २८ मिमी म्हणजे तळपायापासून डोळ्यांपर्यंतची उंची, अशी या छंदातली जुनी रीत. पगडीसकट असा सैनिक ३१-३२ मिमीला जातो. काही कारखाने डोक्याच्या टोकापर्यंत मोजतात. तो फरक समजण्यासारखा आहे. इथे मात्र ‘२८ मिमी’ हे माप सैनिकाच्या पायाखालच्या चकतीच्या तळापासून संगिनीच्या टोकापर्यंत धरलेलं होतं! पाय ते डोळा मोजलं तर जेमतेम २१-२२ मिमी, म्हणजे सरळ सरळ १/७२ चे, खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या हिश्शाचे सैनिक. २८ मिमीचा सैनिक साधारण १/५६ चा असतो. साडेपाच फुटी माणूस १/७२ मध्ये साधारण २३ मिमीचा होतो, १/५६ मध्ये ३० चा. आकडे जवळचे वाटतात, पण उंची तीन-चतुर्थांश झाली की घनफळ निम्म्याच्याही खाली येतं. म्हणजे धातू निम्म्याहून कमी आणि भाव पुरा. शिवाय आधीच्या २८ मिमीच्या इंग्रज पलटणीसमोर हे उभे केले की आठवीतली मुलं दिसतात. म्हणून फोटो मागवताना सैनिकाशेजारी स्टीलची पट्टी उभी धरायला सांगा. पट्टीचं शून्य तळपायाशी हवं, चकतीखाली नाही. नाण्याशेजारच्या फोटोवर विश्वास ठेवू नका. नाणं मागे सरकवलं की सैनिक मोठा दिसतो.

दुसरी गोष्ट, सैनिक मुळात कुठले होते? रंग खरवडल्यावर अंगावर ग्रेटकोट आणि पाठीवर गुंडाळी बांधलेली नॅपसॅक निघाली. युरोपातल्या नेपोलियनकालीन हिवाळ्याचा शिपाई, डोक्यावर पुट्टीची पगडी चिकटवलेला आणि चेहऱ्याला तपकिरी रंग फासलेला. माळव्यात ग्रेटकोट घालून कोण लढेल? ऑर्डर देण्याआधी न रंगवलेल्या एका सैनिकाचा पुढून, मागून आणि बाजूने फोटो मागा. ‘रंगवलेलेच शिल्लक आहेत’ हे उत्तर आलं तर तिथेच थांबा. जाड चकचकीत इनॅमलखाली साच्याच्या सांध्याची रेघ, हवेचे बुडबुडे आणि परक्या गणवेशाची बटणं सगळं झाकलं जातं.

बुडबुड्यांवरून नक्कल ओळखता येते. मूळ सैनिकावरून रबरी साचा घेऊन पुन्हा ओतला की तो थोडा आकसतो आणि बारीक काम बुजतं. पगडीच्या घड्या लोण्यासारख्या होतात, बोटं एकमेकांत मिसळतात, हनुवटीखाली आणि बंदुकीच्या चापाजवळ टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसतात. साच्याची दोन अर्धुकं नीट न बसल्यास नाकाचा एक भाग पुढे, एक मागे. भिंग घेऊन एवढ्याच जागा बघा, बाकीचं बघायची गरज पडत नाही.

आता धातू. ‘शिसंविरहित व्हाइट मेटल’ असा दावा होता. व्हाइट मेटल मुख्यतः कथील, त्यात थोडं अँटिमनी. कथिलाची घनता ७.३, शिशाची ११.३४. तपासणी घरी होते: एकाच साच्यातले, न रंगवलेले, चकती न लावलेले दहा सैनिक घ्या आणि वजन करा. स्वयंपाकघरातला काटा चालतो. फार शंका असेल तर सराफ्यात ओळखीच्या सोनाराकडून करून घ्या. दिवसा जा, रात्री तिथे भुट्ट्याचा कीसच मिळेल. मग अरुंद मोजपात्रात पाणी घेऊन त्यात डिशवॉशचा एक थेंब टाका, म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत. सैनिक बुडवून, पात्र हलकेच आपटून पाणी किती मिलिलिटर चढलं ते वाचा. समजा वजन १३० ग्रॅम भरलं आणि पाणी १८ मिलि चढलं, तर भागाकार ७.२, म्हणजे कथील. पाणी १२-१३ मिलिच चढलं तर भागाकार दहा किंवा त्याच्या वर जातो आणि आत शिसं भरपूर आहे हे निघतं. पांढऱ्या कागदावर घासल्यावर पेन्सिलीसारखी राखाडी रेघ उठली तरी संशय घ्यावा. जुन्या काळचे शिसेमिश्रित सैनिक गोळा करणारे आहेत आणि त्यात गैर काही नाही, मात्र ते तसं सांगून विकले पाहिजेत. घरात लहान मूल असेल तर हा केवळ पैशांचा प्रश्न उरत नाही: कानस लावताना उडणारी पूड हातातून तोंडात जाते. असे सैनिक ओल्यानेच घासा, नंतर साबणाने हात धुवा आणि लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी चढते आणि सैनिक आतून खाल्ला जातो.

तोफा रेझिन थ्रीडी प्रिंटच्या निघाल्या. प्रिंट असणं वाईट नाही, चांगला प्रिंट ओतीव मालालाही मागे टाकतो. पण या पोकळ होत्या आणि आतलं द्रव रेझिन काढायला भोकच नव्हतं. असं कोंडलेलं रेझिन काही काळाने भिंत तडकवून चिकट थेंबांच्या रूपात बाहेर येतं. ते उघड्या हाताने पुसू नका. कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसल्यावरही पृष्ठभाग बोटाला चिकटत असेल तर माल नीट धुतलेला किंवा पक्का केलेला नाही, त्यावर प्रायमर टिकणार नाही.

सगळ्यात मोठा चुना मात्र मैदानात. ठरलं होतं ते असं: दोन फूट बाय दोन फुटांचे सहा बोर्ड, दोन इंच जाड एक्सपीएस फोम, खाली ६ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड). एक्सपीएस म्हणजे छताच्या किंवा कोल्ड स्टोरेजच्या इन्सुलेशनची घट्ट, दाणे नसलेली शीट, बहुधा गुलाबी किंवा निळी. आलं ते गणपतीच्या मखराचं थर्माकोल, ३ मिमी एमडीएफवर चिकटवलेलं, चारही कडांना काळी पट्टी लावून. पट्टीचं काम एकच: दाणे दिसू नयेत. वजनाने चोरी लगेच पकडता आली असती. या मापाचा एक्सपीएस तुकडा ३२ किलो प्रति घनमीटर घनतेला सुमारे ६०० ग्रॅम भरतो, पॅकिंगचं थर्माकोल सव्वादोनशेच्या आसपास. ६ मिमी एमडीएफ साधारण १.७ किलो, ३ मिमी त्याच्या निम्मं. म्हणजे रंग-माती सोडून बोर्ड सव्वादोन किलोच्या वर हवा होता, तो किलोभरावर फार थोडा होता. ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर एकूण वजन लिहिलेलं असतं. पेटी सोडवायच्या आधी तेवढा आकडा वाचा.

थर्माकोलचं नुकसान पुढे उघडं पडतं. नदीचं पात्र १२-१५ मिमी खोल कोरायचं तर दाणे उपसून निघतात आणि काठ कुरतडल्यासारखा होतो. तो लपवायला पुट्टीचा जाड थर दिला जातो, आणि बोर्ड उचलताना अंगठा लागला की तो पापुद्र्यासारखा सुटतो. त्यावर कुणी स्प्रेचा डबा मारला तर संपलंच. स्प्रेतल्या सॉल्व्हंटने पॉलिस्टायरीन विरघळतं. खरं एक्सपीएससुद्धा यातून सुटत नाही; आधी फेविकॉल आणि अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात देऊन सगळी भोकं बंद करावी लागतात.

पातळ एमडीएफची खोड वेगळी. वरच्या बाजूला पाणी घातलेला फेविकॉल ओतला की तो वाळताना आकसतो आणि कोपरे वर ओढतो. खालच्या बाजूलाही रंगाचा हात दिला, चौकट ठोकली, तर बोर्ड सपाट राहतो. इथे दोन्ही नव्हतं. दोन बोर्डांत चार-पाच मिमीची फट पडली आणि शिप्रेची तोंडंही जुळेनात, कारण प्रत्येक बोर्ड सुटा बनवला होता. नदी-रस्ते असलेलं मैदान नेहमी सगळे बोर्ड क्लॅम्पने एकत्र आवळून कोरायचं असतं. ‘सहाही बोर्ड जोडून, वरून एक फोटो’ एवढी मागणी केली असती तर हे घरबसल्या दिसलं असतं. गवत नायलॉनच्या बारीक उभ्या तंतूंचं (स्टॅटिक ग्रास) नसून रंगवलेला भुसा होता. ओल्या बोटाने चोळा, बोट हिरवं झालं की समजा.

फोटोंबद्दल: जाहिरातीतलं मैदान परदेशातल्या कुणाच्या तरी टेबलाचं होतं, उलट-प्रतिमा-शोधात मिनिटभरात सापडलं. त्यामुळे कागदावर त्या दिवसाची तारीख लिहून तो मालाशेजारी ठेवून घेतलेला व्हिडिओ मागा. आगाऊ रक्कम नमुन्यापुरतीच द्या: एक सैनिक, एक तोफ, एक हातभर बोर्डाचा तुकडा. चॅटमध्ये पाच गोष्टी लेखी घ्या: पाय ते डोळा उंची, धातू किंवा रेझिन, फोमचा प्रकार आणि जाडी, प्रत्येक बोर्डाचं वजन, परत घेण्याची मुदत. यातलं एक जरी ‘भाऊ, टेन्शन नका घेऊ’वर टाळलं गेलं तरी पैसे पाठवू नका. ‘रिफंडसाठी’ क्यूआर स्कॅन करून पिन टाका असं म्हणणारा तर उघड चोर. पैसे मिळवायला पिन लागत नाही.

पैसे घेऊन मालच आला नाही तर तासाभरात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून. जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पसरते. माल आला पण भलताच निघाला, तर पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला’ हे उत्तर मिळण्याची तयारी ठेवा. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, पण हेतू सुरुवातीपासूनच खोटा होता हे दाखवावं लागतं. तिथे चोरलेल्या फोटोचा पुरावा कामी येतो. ग्राहक तक्रार त्यापेक्षा सोपी. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने विक्रेता कुठल्याही गावचा असला तरी तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे इंदुरातच करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. सोबत चॅटची पूर्ण प्रत, बिल्टी, पेटी उघडतानाचा अखंड व्हिडिओ आणि काट्यावर ठेवलेल्या बोर्डाचा फोटो जोडा.

आणि निकाल लागेपर्यंत बोर्डांची डागडुजी करू नका. काळी पट्टी एका कोपऱ्यात चार इंच सोलून दाणे दिसतील एवढी ठेवा, बाकीची तशीच राहू द्या. पुट्टी भरून कडा नीट केल्या की समोरचा वकील म्हणतो, बोर्ड तुम्हीच बिघडवला.